गहाण, तारण आणि नुसतंच 'ठेवलं'

देवगडच्या एका ताईंनी विचारलं आहे: आईने बांगड्यांवर कर्ज काढलं. आई म्हणते "बांगड्या गहाण टाकल्या", पण पतसंस्थेच्या फलकावर आणि पावतीवर 'सोनेतारण' असं आहे. दोन्ही एकच, की तारण म्हणजे काही वेगळं, कमी धोक्याचं? आणि भावाच्या स्कूटरच्या कर्जाच्या कागदात 'नजरगहाण' लिहिलंय, ते काय?

ताई, आधी मुद्द्याचं सांगते. तुमच्या आईचा शब्द अगदी बरोबर आहे. फलकावरचाही चूक नाही. पण तारण लिहिल्याने धोका कमी होत नाही. हप्ते थकले, नोटिशीची मुदत उलटली, की लिलाव होतो तो त्याच बांगड्यांचा.

आता शब्दांकडे वळू. गहाण हा संस्कृत 'ग्रहण' शब्दाचा मराठीत घासून गुळगुळीत झालेला अवतार. धरणे, पकडणे हा त्याचा मूळ अर्थ. चंद्राला लागतं तेही ग्रहणच, आणि दुकानात येणारं गिऱ्हाईकही याच घराण्यातलं. म्हणजे गहाण शब्दात पकड आहे: वस्तू कुणाच्या तरी मुठीत गेली. तारण आला 'तारणे' या क्रियापदावरून, 'देव तारी त्याला कोण मारी' मधला तो तारणे. पण इथे तारलं जातं ते काय? कर्जदार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मी या शब्दाकडे असं पाहते की तारलं जातं ते कर्ज, म्हणजेच सावकाराचे पैसे. उद्या कर्जदार बुडाला तरी पैसे तरून जावेत म्हणून दिलेला आधार, ते तारण.

म्हणून दोन शब्द एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी बघतात. गहाण ही कृती आहे, वस्तू देऊन टाकण्याची. तारण हे त्या वस्तूचं काम आहे, कर्जामागे उभं राहण्याचं. याचा पुरावा आपल्याच बोलण्यात सापडतो. 'विनातारण कर्ज' आपण सर्रास म्हणतो. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून शेती आणि जोडधंद्यांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा 1 लाख 60 हजारांवरून 2 लाखांवर नेली, तेव्हा बातम्यांत हाच शब्द होता. 'विनागहाण कर्ज' कुणी म्हणत नाही. उलट अक्कल गहाण ठेवतात, स्वाभिमान गहाण टाकतात. अक्कल तारण ठेवल्याचं कधी ऐकलंय? शेत गहाण 'पडतं', तारण कधी पडत नाही. लाज, नाइलाज, दुसऱ्याच्या हाती जाणं हे सगळं मराठीने गहाण शब्दात साठवलं आहे, आणि बँकांनी फलकासाठी नेमका तो शब्द टाळला. कर्ज घ्यायला येणाऱ्याला ओशाळं वाटू नये हा हेतू मला समजतो. पण तुमच्यासारखा प्रश्न मनात राहणं ही त्याची किंमत आहे.

मी स्वतः किनाऱ्यावरच्या एका पतसंस्थेत बरीच वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर बसले. तिथे एक तिसरीच तऱ्हा ऐकली. ऑगस्टात, दोन महिन्यांची मासेमारीबंदी उठली की डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी पैसा लागायचा आणि दागिने यायचे. सोनार कसोटीवर रेघ ओढणार, वजन करणार, खड्यांचं वजन वजा करून निव्वळ वजन सांगणार, घडणावळ धरायची नाही. मग पाकीट बंद, त्यावर लाखेचं सील, सह्या. एक म्हातारी सील पुरतं वाळेपर्यंत तिथून हलायची नाही. जाताना मला म्हणायची, "बाय, ठेवलंय हां. इकूक नाय." ठेवलंय, विकलेलं नाही. ना गहाण, ना तारण. किनाऱ्यावर मी बहुतेक बायकांकडून हेच ऐकलं: दागिना 'ठेवला', गणपतीला 'सोडवला'. गंमत अशी की बँकेच्या भाषेत 'ठेव' म्हणजे आपण बँकेला दिलेला पैसा, ज्यावर व्याज आपल्याला मिळतं. इथे तेच क्रियापद, आणि व्याज मात्र आपण भरायचं. त्यामुळे "सोनं बँकेत ठेवलंय" या वाक्याचे लॉकर आणि कर्ज असे दोन्ही अर्थ होतात. कोणता, हे सांगणारीने आवाज किती खाली आणला यावरून कळतं.

हा प्रश्न आत्ताच का यावा, तेही लक्षात येतं. 2025 मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या पार गेला (तोळा म्हणजे आता बाजारात 10 ग्रॅम; जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर). त्याच बांगडीवर आता जास्त कर्ज मिळतं, म्हणून फलकही वाढले. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्या-चांदीवरच्या कर्जाचे नवे नियम काढले आणि ते लागू करायला 1 एप्रिल 2026 पर्यंत मुदत दिली. घरखर्चासारख्या, धंद्यासाठी नसलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम, त्यापुढे पाच लाखांपर्यंत 80, त्याहून मोठ्या कर्जाला 75. व्याजासह सगळं शेवटी एकदम फेडायचं असेल, तर ते व्याजही या टक्क्यांत धरायचं. कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण हे नियम बँका आणि वित्त कंपन्यांसाठी आहेत, पतसंस्थेला ते थेट लागू नाहीत; तेव्हा आईंना आपल्या पतसंस्थेचे नियम विचारून घ्यायला जरूर सांगा. अशा नियमांच्या हिंदी वळणाच्या तर्जुम्यात तारणाला 'संपार्श्विक' म्हटलेलं दिसतं. तारण हा तीन अक्षरी, सगळ्यांना कळणारा शब्द हाताशी असताना तो कशाला, हे मला आजवर पटलेलं नाही.

काजूवाल्यांचंही उदाहरण घ्या. हंगामात भाव पडलेला असतो, म्हणून काजू बी गोदामात ठेवून पावतीवर कर्ज घेतात. पणन मंडळाची त्यासाठीची योजनाच 'शेतमाल तारण' नावाची आहे. माल गोदामात, कुलूप दुसऱ्याचं. शब्दाच्या हिशोबाने हे गहाणच. तरीही शेतमाल 'गहाण' कुणी म्हणत नाही, कारण इथे विकायची घाई टळते. या एका ठिकाणी 'तारण' शेतकऱ्याच्या बाजूनेही खरा उतरतो.

राहिला नजरगहाण. हा फार नेमका शब्द आहे. वस्तू तुमच्याकडे, वापर तुमचा, सावकाराची फक्त नजर. स्कूटर, रिक्षा, होडीचं इंजिन हे बँकेने कपाटात ठेवलं तर हप्ता फेडणार कशातून? याच्या उलट टोकाला कब्जेगहाण: बाग सावकाराच्या ताब्यात, नारळ-सुपारीचं उत्पन्न व्याजापोटी त्याने खायचं. कायद्यातही यांची घरं वेगळी. दागिना ताब्यात देणं 1872 च्या करार कायद्यात, जमीन-घराचं गहाण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, आणि नजरगहाणाची व्याख्या पार 2002 च्या सरफेसी कायद्यात, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यात.

भावाचं कर्ज फिटलं की बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत नजरगहाणाची नोंद काढायला सांगा; ती आपोआप जात नाही. त्याला आपल्याकडे 'बोजा उतरवणे' म्हणतात, सातबाऱ्यावरच्या बोजासारखंच. बांगड्यांसाठी 'सोडवणे' आणि स्कूटरसाठी 'उतरवणे', हा फरक बोलताना कुणी चुकत नाही. गाडी 'सोडवून आणली' म्हणालात, तर ऐकणारा विचारील, पोलिसांनी का धरली होती.