ओव्हरक्लॉक करायला पीसी जुळवतोय, कोणते पार्ट घेऊ? जुना ६५० वॅटचा एसएमपीएस चालेल ना?

नाही चालणार. बाकीचं पुढे सांगतो, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कूलर सगळं नवीन घेताय, ३०० वॅटच्या आसपासचं ग्राफिक्स कार्ड लावणार, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणार, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणार, आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तेवढा जुन्या मशीनचा काढून लावायचा, कारण तो अजून नीट चालतोय आणि वॅट पुरतात. हे असंच्या असं मी आमच्या दादाच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरून आमच्यात जे झालं ते आजही मिटलेलं नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

दादा म्हणजे माझा मोठा चुलत भाऊ. थ्रीडी रेंडरिंगचं काम करतो, मशीन रात्र रात्र लोडवर असतं. नवीन मशीन मी जुळवून द्यायचं ठरलं, पार्टची यादी मी केली, त्यातला एसएमपीएस त्यानं खोडला आणि ते पैसे एक पायरी वरच्या प्रोसेसरला लावले. मी तेव्हाच सांगितलं होतं की हे करू नकोस. तो म्हणाला, "अरे वॅट म्हणजे वॅट, त्यात चांगले वॅट आणि वाईट वॅट असं काय असतं?" पैसे त्याचे, वयानं मोठा, मी किती ताणणार. प्रोसेसर थोडासा ओव्हरक्लॉक केला, तोही त्याला हवा होता म्हणून, रात्रभर टेस्ट चालवली, एक एरर नाही. मग तो मशीन घेऊन गेला आणि नवीन ग्राफिक्स कार्ड त्यानं नंतर स्वतःच बसवलं.

आणि मग रेंडर अर्ध्यावर असताना मशीन बंद पडायला लागलं. ब्लू स्क्रीन नाही, अडखळणं नाही, काही नाही, कार्डाच्या पंख्यांचा आवाज चढायचा, आतून टक् असा आवाज यायचा आणि स्क्रीन काळा, आणि मग मशीन आपोआप पुन्हा चालू. दादानं घरभर सांगितलं की ह्यानं ओव्हरक्लॉक करून ठेवलंय म्हणून माझं काम बुडतंय. काकूसुद्धा मला विचारायला लागली की तू नेमकं काय करून ठेवलंस त्याच्या कॉम्प्युटरला. मला ते फार लागलं, कारण जे करू नको म्हणून मी सांगितलं होतं तेच झालं होतं आणि नाव माझं येत होतं.

मी गेलो, त्याच्यासमोर बसून बायोस, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सगळ्या सेटिंग, डिफॉल्टला आणला, रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंगसुद्धा बंद केली, म्हणजे ओव्हरक्लॉक नावाला उरलं नाही. प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम नुसता लावला, प्रोसेसर शंभर टक्के, चालतंय. तो थांबवून नुसता ग्राफिक्स कार्डाचा स्ट्रेस टेस्ट लावला, चालतंय. दोन्ही एकत्र लावले, टक्, बंद. सगळं डिफॉल्ट असताना. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१, बगचेक कोड शून्य म्हणजे ब्लू स्क्रीन नाही, आणि डब्ल्यूएचईएची, म्हणजे हार्डवेअर चुकल्याची, एकही नोंद नाही. आता ज्यानं थोडंफार ओव्हरक्लॉकिंग केलंय त्याला एवढ्यावरच कळेल. प्रोसेसर किंवा रॅम जास्त ताणली की ती बहुतेक वेळा काहीतरी पुरावा सोडते, प्राइमचा एखादा वर्कर चुकीचं गणित करून थांबतो, डब्ल्यूएचईए एरर पडतात, ब्लू स्क्रीन येतो, प्रोग्रॅम कोसळतो. वीज मध्येच कापली गेली तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळत नाही, पुन्हा चालू झाल्यावर ते एवढंच नोंदवतं की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो.

मग एसएमपीएस बाहेर काढून लेबल वाचायला लावलं. वर मोठ्या आकड्यात ६५० वॅट. खाली तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात ३८ अँपिअर. १२ गुणिले ३८, ४५६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर मोजलेले, आणि आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खरा खाणारा सगळा माल, १२ व्होल्टवर असतो. धड ६५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ५४ अँपिअर लिहिलेले असतात, गुणाकार करून बघा, ६४८ येतात. तुमच्या जुन्या डब्यावरचा हा एक आकडा आज वाचा, माझ्या उत्तरातलं बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.

दादा यावरही ऐकेना. मग मल्टिमीटर काढला, मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर लावला, नुसतं मशीन चालू असताना १२.१, दोन्ही टेस्ट लावल्यावर ११.५ आणि मग बंद. नियम असा आहे की १२ व्होल्टला वरखाली ५ टक्के चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत पास. दादाला तेवढंच सापडलं, "बघ, नियमात आहे." अरे पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंद ते काही मिलिसेकंदांसाठी स्वतःच्या लिहिलेल्या वॅटच्या कितीतरी वर झेप घेतं, त्या क्षणाला व्होल्टेज किती खाली गेलं किंवा करंट किती वर गेला हे मीटरला दिसतच नाही, त्यासाठी क्षणाक्षणाचं व्होल्टेज दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. पण एसएमपीएसच्या आतल्या प्रोटेक्शन सर्किटला ते दिसतं आणि ते आपलं काम करून सगळं बंद करतं. याच झेपांसाठी २०२२ साली एसएमपीएसचं एटीएक्स ३.० हे मानक आलं, त्यात एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंद रेटिंगच्या २०० टक्क्यांपर्यंतचा झटका सोसला पाहिजे अशी अट आहे. उगाच कोणी असली अट घालत नाही.

शेवटी माझ्या मशीनचा एसएमपीएस काढून त्याला लावला. रात्रभर दोन्ही टेस्ट चालल्या. मग मी ओव्हरक्लॉक पुन्हा जसंच्या तसं लावलं, आकडाही न बदलता, आणि रेंडर लावला, पूर्ण झाला. यापुढे आणखी काय सिद्ध करायचं असतं? तरी दादा आजही म्हणतो की तू त्या रात्री बायोसमध्ये अजून काहीतरी बदललंस. जुना डबा त्यानं मेल आणि टायपिंगच्या मशीनला लावलाय, तिथे तो निवांत चालतो, आणि तो मला दाखवून म्हणतो, "बघ, चांगलाच होता." १०० वॅटसुद्धा न खाणाऱ्या मशीनला तो चालणारच, त्यात सिद्ध काय झालं! तुमचाही "अजून नीट चालतोय" तो जुन्या मशीनच्या लोडवर चालतोय, तो नवीन मशीनबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं वाळत जातात, ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं, त्यामुळे लेबलवरचा आकडा तो डबा नवीन असतानाचा आहे हेही धरा.

नवीन घेताना ८० प्लस गोल्ड बघून भुलू नका. तो शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो, व्होल्टेज किती स्थिर, रिपल म्हणजे त्यातली बारीक थरथर किती, प्रोटेक्शन आहे की नाही यातलं काही सांगत नाही. ऑसिलोस्कोप लावून केलेले रिव्ह्यू मिळतात ते वाचा. तुमच्या कार्डाला ७५० ते ८५० वॅटचा चांगला एटीएक्स ३.० किंवा ३.१ वाला घ्या आणि पुढची बरीच वर्षं त्याला हात लावू नका.

आता प्रोसेसर आणि बोर्ड. इंटेल घेत असाल तर के अक्षरवाला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा बोर्ड, बी सिरीजवर प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, वाढवता येत नाही, फक्त रॅमचा वेग वाढवता येतो. तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजनं कायमचे खराब होत होते, त्यावर इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरसाठीचा अपडेट, दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली, पण जो आधीच खराब झालाय तो अपडेटनं बरा होत नाही, म्हणून त्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर मी तरी घेणार नाही. एएमडीच्या रायझनमध्ये जवळपास सगळेच अनलॉक असतात आणि बी सिरीजचा बोर्ड पुरतो, फक्त ए६२० चा बोर्ड टाळा. एक्स३डी, म्हणजे जादा कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) असलेला, हवा असेल तर ५८००एक्स३डी लॉक आहे, ७८००एक्स३डीवर मल्टिप्लायर चालत नाही पण कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची एएमडीची सेटिंग, चालतो, आणि ९८००एक्स३डी पूर्ण अनलॉक आहे कारण त्यात जादा कॅश कोअरच्या खाली गेली आणि कोअरची उष्णता थेट वर कूलरकडे जाते.

बोर्ड घेताना आरजीबी, चिलखतासारखी प्लॅस्टिकची झाकणं, वायफायचा आकडा, हे सगळं बाजूला ठेवा आणि व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारं बोर्डावरचं सर्किट, बघा. त्याचे किती फेज, म्हणजे भाग, लिहिलेत यापेक्षा प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरची आणि त्यावर खरा जाड हीटसिंक आहे का ते बघा. व्हीआरएम तापला की बोर्डच प्रोसेसरचा वेग खाली ओढतो आणि तुम्ही प्रोसेसरला दोष देत बसता.

रॅम दोन कांड्या, चार नाही. चार लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि डीडीआर५ चा वेग खाली आणावा लागतो. एएम५ वर, म्हणजे नव्या रायझनच्या बोर्डावर, ६००० वेगाची आणि सीएल३० ची रॅम घ्या (सीएल म्हणजे उत्तर द्यायला लागणारा वेळ, कमी तेवढा बरा), ते बरोबर १० नॅनोसेकंद पडतं, ६००० सीएल३६ म्हणजे १२. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. एक्सपो (एक्सएमपीचाच एएमडीचा प्रकार) किंवा एक्सएमपी चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, म्हणून ते चालू करून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा आणि मगच प्रोसेसरला हात लावा, नाहीतर एरर कोणामुळे येतेय ते शोधत बसाल.

कूलरसाठी फार लिहीत नाही, दोन टॉवरचा चांगला एअर कूलर बहुतेकांना पुरतो, कॅबिनेट मात्र पुढून जाळीचं घ्या, पुढे काच असलेलं नको.

आता जे खरं तर वर सांगायला हवं होतं. ओव्हरक्लॉक करून आता फार काही मिळत नाही. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा, नंतरचा क्यू६६०० सहज २.४ वरून ३ गिगाहर्ट्झ जायचा. आता कंपन्याच बूस्टच्या नावाखाली जवळपास सगळं काढून देतात. वरचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. १.२० व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झ चालणारा प्रोसेसर १.३५ व्होल्टवर ५.३ ला नेला तर वेग ६ टक्के वाढला आणि वीज साधारण ३४ टक्के. रायझनवर मी उलटं सांगेन, कर्व्ह ऑप्टिमायझरनं व्होल्टेज कमी करा, थंड राहतो म्हणून स्वतःच जास्त वेळ वर बूस्ट होतो. फक्त तिथे एक लक्षात ठेवा, व्होल्टेज फार कमी केलं तर मशीन बऱ्याचदा लोडवर नाही, उलट रिकामं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट होतं, आणि ते वरवर बघता एसएमपीएससारखंच वाटतं. फरक असा की तिथे बहुतेक वेळा डब्ल्यूएचईए १८ ची नोंद सापडते. म्हणजे प्रत्येक रीस्टार्ट एसएमपीएसचाच असतो असं माझं म्हणणं नाही, दादाच्या मशीनचा होता. ओव्हरक्लॉकनं वॉरंटी कागदोपत्री जाते हेही धरून चाला, एएमडीच्या लेखी एक्सपोनंसुद्धा.

आणि नवीन एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, घेतलात तर जुन्याच्या केबल त्याला लावू नका, कनेक्टर अगदी नीट बसला तरी. डब्याच्या बाजूच्या पिनची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळी असते, आणि एसएसडीच्या ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की ती त्याच क्षणी जाते, आतल्या डेटासकट. जुन्या केबल जुन्या डब्याला बांधून ठेवा आणि नवीन मशीनला नव्या खोक्यातल्याच वापरा.