मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत नंबर लागलाय, पण एवढं कर्ज काढावं का?

मागच्या अ‍ॅडमिशनच्या सीझनला एक मुलगी बाबांना घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आली, हातात दोन ऑफर लेटर. सिव्हिल झालेली, पाण्याच्या विषयात परदेशात मास्टर्स करायचंय. एक युनिव्हर्सिटी अशी की नाव सांगितलं की समोरचा "अरे वा" म्हणतोच, पण जवळपास सगळा खर्च कर्जावर. दुसरी फारशी कुणाला माहीत नाही, फी मात्र निम्म्याहून कमी. बाबांचं म्हणणं एकच, "सर, आमच्या घरात कॉलेजला गेलेली ही पहिली, आमची कुठे ओळख ना वशिला, निदान डिग्रीवर तरी मोठं नाव असू दे."

हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो, कारण त्यात तथ्य आहे. डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ चा अभ्यास आहे, अमेरिकेत नामांकित कॉलेजात निवड होऊनही जी मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली त्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच निघाली. पण कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र नावाचा फायदा झालेला दिसला. हे मी दोघांनाही सांगितलं, लपवून काय करायचं. फक्त तो अभ्यास पहिल्या पदवीचा आहे, कर्ज काढून परक्या देशात मास्टर्सला जाणाऱ्यांचा नाही.

मग कागद घेतला. १० टक्के व्याज, १० वर्षांची फेड, तर लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण १,३२० रुपये. शिकताना हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही असं खूप जणांना वाटतं आणि तिथेच घात होतो, सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलून दोन वर्षं काहीच भरलं नाही तर साध्या व्याजानेही लाखाचे एक लाख वीस हजार होतात आणि हप्ता जातो १,५८५ वर. मुलगी म्हणाली, "आणि नोकरी सहा महिने उशिरा लागली तर?" बाबा काहीच बोलले नाहीत.

रँकिंगचंही बघा ना, क्यूएस ही युनिव्हर्सिट्यांची क्रमवारी लावणारी कंपनी, तिच्या जागतिक यादीत ३० टक्के वजन प्राध्यापक-संशोधकांच्या मताला आणि १५ टक्के कंपन्यांच्या मताला, म्हणजे जवळपास निम्मा भाग नावलौकिकाचा, तोही अख्ख्या युनिव्हर्सिटीच्या, तुमच्या डिपार्टमेंटच्या नाही.

तिला सांगितलं, दोन्हीकडे हाच कोर्स करून बाहेर पडलेल्यांना मेसेज कर, आणि "कोर्स कसा आहे" असं विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात, "संपल्यावर पहिले सहा महिने काय केलंत" एवढंच विचार. दहा दिवसांनी आली. मोठ्या नावाच्या ठिकाणचे तिघं बोलले, दोघं सॉफ्टवेअरमध्ये गेलेले आणि एक अजून शोधतोय. दुसरीकडचे चौघं, त्यातले तिघं पाण्याच्याच कामात, कारण डिपार्टमेंटचे प्रोजेक्टच तसल्या कंपन्यांबरोबर चालतात. सात जणांवरून जग कळत नाही हे मान्य, पण तिला जे काम करायचं होतं त्याची वाट कुठून जाते ते दिसलं. कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंग असतं तर मी कदाचित उलट सांगितलं असतं, तिथे बऱ्याच मोठ्या कंपन्या ठरलेल्या कॅम्पसवरच भरतीला जातात.

तिने दुसरी घेतली. कर्ज कमी असल्यामुळे बाबा दर महिन्याला निदान व्याज तरी भरतायत. मागच्या महिन्यात त्यांचाच फोन आला, थिसिस पुराच्या अंदाजावर आहे म्हणे, आणि कुणी विचारलं की ते आता युनिव्हर्सिटीच्या आधी विषय सांगतात.