शंका-समाधान: वायर न जोडलेला रोटर फिरतो कसा?

प्रश्न : आमच्या विहिरीवरील पाच अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटारीचे वाइंडिंग जळाल्यामुळे ती उघडली, तेव्हा आतल्या फिरणाऱ्या भागाला एकही वायर जोडलेली दिसली नाही आणि कार्बन ब्रशही नव्हते. मग त्या भागापर्यंत वीज पोहोचते कशी? शिवाय नेमप्लेटवर वेग १४४० लिहिला आहे. सरळ १५०० का नाही?
— एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडतो म्हणूनच त्यात वीज निर्माण होते.

मोटारीचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून विद्युतरोधित केलेल्या सिलिकॉनयुक्त पोलादी पत्र्या रचून त्याचा गाभा केलेला असतो, आणि त्याच्या खाचांमध्ये तिन्ही फेजची तांब्याची वेटोळी बसवलेली असतात. तिन्ही फेजमधील प्रवाह एकाच वेळी शिखर गाठत नाहीत, तर एकामागून एक गाठतात. त्यामुळे स्टेटर जागचा हलत नसला तरी त्यातील चुंबकीय क्षेत्र गोल फिरत राहते. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की ते उलट फिरू लागते.

रोटरच्या खाचांमध्ये ॲल्युमिनियमच्या दांड्या ओतलेल्या असतात आणि दोन्ही टोकांच्या कड्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. हा पिंजरा म्हणजेच रोटरचे वाइंडिंग. फिरते क्षेत्र दांड्यांना छेदून जाते तेव्हा त्यांच्यात प्रवाह निर्माण होतो, आणि प्रवाह वाहणाऱ्या दांड्यांवर क्षेत्राच्या दिशेने बल लागते. रोटरने क्षेत्राला पुरते गाठले, तर दांड्या छेदल्याच जाणार नाहीत आणि प्रवाहाबरोबर बलही नाहीसे होईल. म्हणून तो सुमारे चार टक्के मागे राहतो. या फरकाला स्लिप म्हणतात. नेमप्लेटवरील १४४० हा पूर्ण भारावरचा वेग असून, भार कमी असताना मोटार १५०० च्या अधिक जवळ जाते. अभियंते मिखाईल दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीत तीन फेजची अशी पिंजरा मोटार तयार केली, त्यानंतर या मूळ रचनेत फारसा बदल करण्याची गरजच पडलेली नाही.

चालू करण्याच्या क्षणी रोटर थांबलेला असल्याने क्षेत्र दांड्यांना पूर्ण वेगाने छेदते, आणि मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर आधी तिन्ही फेजच्या वेटोळ्यांचे एकेक टोक एकत्र जोडून (स्टार) आणि वेग आल्यावर ती त्रिकोणात जोडून (डेल्टा) मोटार चालवतो; त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह तो एक तृतीयांशावर आणतो, मात्र त्याबरोबर फिरवण्याचे बलही तितकेच घटते. व्होल्टेज कमी असताना हे बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. मग पंपाचा भार ओढण्यासाठी रोटर आणखी मागे पडतो, प्रवाह वाढतो आणि वाइंडिंग तापते.

बाकीचे भाग थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. बेअरिंग रोटरला मधोमध धरून ठेवतात. रोटर आणि स्टेटर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही अंशाइतकीच असल्यामुळे, बेअरिंग झिजले की रोटर घासू लागतो. मागचा पंखा बॉडीवरच्या पन्हळींमधून हवा खेळवतो, म्हणून त्याची जाळी पालापाचोळ्याने भरू देऊ नये.

रिवाइंडिंगला देण्यापूर्वी जळालेले वाइंडिंग एकदा नीट पाहा. सगळी वेटोळी सारखीच काळवंडली असतील, तर जास्त भार किंवा कमी व्होल्टेज हे कारण संभवते. डेल्टा जोडणीत एकाच फेजची, किंवा स्टार जोडणीत दोन फेजची वेटोळी करपून बाकीची चांगली राहिली असतील, तर चालू मोटारीचा एक फेज गेला होता असे बहुधा समजावे. त्या स्थितीत मोटार थांबत नाही, उरलेल्या दोन वायरींवर प्रवाह वाढवून फिरत राहते. तेव्हा नव्या वाइंडिंगच्या खर्चाबरोबर फेज गेल्यास मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर आणि प्रवाह जास्त झाल्यास मोटार बंद करणारा, नेमप्लेटवरील ॲम्पिअरनुसार लावलेला ओव्हरलोड रिले यांचाही खर्च धरावा.