‘टॅसिट’ला मराठीत काय म्हणावं?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका वाचकांनी विचारलंय : सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात ‘टॅसिट अप्रूव्हल’ असं लिहून आलंय. हा शब्द कुठला, आणि ‘इम्प्लिसिट’पेक्षा वेगळा कसा?

मूळ लॅटिन क्रियापद ‘टाकेरे’, म्हणजे गप्प राहणं. त्यावरून ‘टाकितुस’. सतराव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. मितभाषी माणसाला लावतात तो ‘टॅसिटर्न’ आणि मनातलं सहसा न सांगणाऱ्याचा ‘रेटिसंट’, हे त्याचेच भाऊबंद. रोमन इतिहासकार टॅसिटसचं नावही हेच.

‘इम्प्लिसिट’चं कूळ निराळं. ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं. आत दुमडलेलं ते इम्प्लिसिट, उलगडलेलं ते एक्स्प्लिसिट. म्हणजे बोललेल्या शब्दांच्या पोटातला अर्थही इम्प्लिसिट असतो. आपण त्याला ‘गर्भित’ म्हणतो. टॅसिटमध्ये तोंडच उघडलेलं नसतं. अध्यक्षांनी ‘कुणाची हरकत?’ विचारलं, कुणी बोललं नाही, ठराव पुढे सरकला : ही टॅसिट संमती. तिला ‘मूकसंमती’ शब्द चपखल बसतो. ‘अध्याहृत’ इथे नको. तो व्याकरणातला, वाक्यात गाळलेलं पद आपण भरून घेतो तेव्हाचा. ‘अति तेथे माती’मध्ये क्रियापद अध्याहृत आहे.

कायद्याची भाषा आणखी वेगळी. 1872च्या भारतीय करार कायद्याचं नववं कलम शब्दांवाचून दिलेल्या वचनाला ‘इम्प्लाइड’ म्हणतं. अशा शब्दांना देशी प्रतिशब्द हवेत, ही तळमळ बडोद्याला जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी 1931मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश काढला, याचा मला फार अभिमान वाटतो.

‘मूक’ सगळीकडे चालत नाही, हेही खरं. हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे तत्त्वचिंतक झालेले मायकेल पोलान्यी यांनी ‘टॅसिट नॉलेज’ची कल्पना मांडली : माणसाला जेवढं कळतं तेवढं सांगता येत नाही. पाक एकतारी झाला हे आजी बोटांनी ओळखते, पण किती मिनिटं उकळायचं विचारलं तर ‘कळतं गं हाताला’ एवढंच म्हणते. याला ‘मूकज्ञान’ म्हणणं मला पटत नाही, ती गप्प कुठे आहे? ‘अव्यक्त ज्ञान’ बरं, पण पुस्तकी. बोलताना मी ‘हाताला कळणं’च वापरेन.

इतिवृत्तात मात्र ‘मूकसंमती’ही लिहू नका. संमती हा आपण काढलेला अर्थ झाला. ‘विचारल्यावर कोणीही हरकत घेतली नाही’ असं लिहा, म्हणजे घडलं तेवढंच नोंदलं जाईल.