काय वाचताय? यादी नको, एकच पुस्तक सांगा

गेल्या अंकात विचारलं होतं की सध्या काय वाचताय आणि दुसऱ्याला काय सुचवाल. पत्रं भरपूर आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्याहून जास्त, आणि निम्म्याहून अधिक जणांनी सरळ याद्याच पाठवल्यात, कोणी वीस पुस्तकांची, कोणी पन्नास. सगळ्यांचे मनापासून आभार. पण वीस नावं ओळीने वाचून एकही पुस्तक उघडावंसं वाटलं नाही हे खरंय, आणि एका बाईंनी फक्त एका पुस्तकातला एक प्रसंग लिहून पाठवला होता, ते मात्र मी दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून काढून आणलं. म्हणून यावेळी उत्तरं देताना मीपण तसंच करतेय, जमेल तिथे एकच पुस्तक आणि त्यातली एक जागा.

प्रश्न : ताई, शाळेत असताना तालुक्याच्या लायब्ररीतलं दिवसाला एक पुस्तक संपवायचो. आता आयटीत आहे, रात्री पुस्तक उघडलं की दहाव्या पानाला हात फोनकडे जातो. वर्षभरात सहा जाडजूड पुस्तकं विकत घेतली, एकही पूर्ण झालं नाही. परत सुरुवात कशाने करू? – लातूरहून पुण्यात आलेला एक वाचक, वय ३४

उत्तर : ती सहा पुस्तकं आधी कपाटात आत ठेवून द्या बरं. समोर दिसत राहिली की अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की माणूस फोनच उचलतो. मग व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' आणा. १९५५ सालची कादंबरी, छोटीशी, दोन-तीन बैठकींत होते. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो आणि शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. एवढंच.

त्यात शेकूची गोष्ट येते. पेरणीचे दिवस, शेकूकडे बैल एकच, दुसरा कुठून मिळत नाही, तेव्हा जुवाच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. माडगूळकर इथे एकही मोठा शब्द वापरत नाहीत, हळहळत नाहीत, नुसतं दाखवतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर पालथं ठेवून किती वेळ बसले होते ते आठवत नाही. आणि तुम्ही लातूरचे, पाऊस गेला म्हणजे काय होतं हे तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही, शेवटी दुष्काळात एकेक घर मेंढरं घेऊन निघून जातं आणि वाडी रिकामी होत जाते ती पानं तुम्ही माझ्यापेक्षा नीट वाचाल.

हे झालं की विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ चं, तेही लहानच. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईला येणारी बोट, तिच्यावर चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू मुलगी हॅर्टा. बोट मुंबईला लागली की त्याचा प्रवास संपणार, तिचा नाही, हे दोघांनाही माहीत असतं आणि वाचताना आपल्यालाही. तुमच्या त्या सहा पुस्तकांना यानंतर हात लावा, आधी नको.

प्रश्न : वडील जाऊन चार महिने झाले. सगळे जण "हे वाच, बरं वाटेल" म्हणून पॉझिटिव्ह राहण्याची पुस्तकं पाठवतात. दोन पानं झाली की राग येतो. पण वाचल्याशिवाय राहवतही नाही, रात्री झोप येत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : राग येतोय त्यात तुमचं काही चुकत नाहीये. माझ्या हातून एक चूक झाली होती ती सांगते. आमच्या शेजारच्या काकू गेल्या तेव्हा पंधरा दिवसांच्या आत मी त्यांच्या मुलीला एक पुस्तक नेऊन दिलं, आईवरचंच, मला वाटलं तेवढाच आधार. सहा महिन्यांनी तिने ते न उघडता परत आणून दिलं आणि म्हणाली, मावशी, तेव्हा मला दुसऱ्या कोणाच्या आईबद्दल काही ऐकवत नव्हतं हो. तेव्हापासून दुःखातल्या माणसाला त्याच दुःखाचं पुस्तक मी देत नाही. अशा वेळी एखाद्या घरात जाऊन बसावं तसं पुस्तक लागतं, आपल्याला काही शिकवायला न येणारं.

तुम्हाला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवेन. त्या तुमच्याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळा कधी पाहिली नाही, लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि १९३४ पासून भाग येत गेले ते असे की समोर बसून बोलतायत. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं येतं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही इतकं कडक, आणि त्या घरात एक लहान मुलगी सगळं बघतेय. पुढे नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, दोघं काही वर्षं वेगळे राहतात, घर, नातेवाईक, सगळं विस्कटतं, आणि तरीही पानापानावर हसू येतं, ओढून आणलेलं नाही, खरं. त्या रडतात पण रडतच बसत नाहीत, आणि तुम्हालाही "रडू नकोस" म्हणत नाहीत. प्रसंग सुटे सुटे आहेत, रात्री जाग आली की दोन-चार पानं वाचा आणि ठेवून द्या, क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही. आणि नाहीच वाचवलं तर उशाशी नुसतं राहू दे.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, इंग्लिश मीडियमला. इंग्रजीतली जाड पुस्तकं दोन दिवसांत संपवतो पण मराठी हातात दिलं की "आई, जोडाक्षरं फार आहेत" म्हणतो. घरी आम्ही मराठीच बोलतो. काय करू? – एक आई, ठाणे

उत्तर : म्हणजे मराठी त्याच्या कानात पक्की आहे, डोळ्यांना सवय नाही एवढंच. तेव्हा त्याला वाचायला लावू नका, तुम्ही वाचून दाखवा, झोपताना दहा मिनिटं, अकराव्या वर्षीही मुलांना ते आवडतं, फक्त मित्रांना सांगत नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बन्या, किडकिडीत, सायकलवर सुसाट, आणि तोंडात ते "ट्टॉक". ऐन अडचणीच्या जागी थांबायचं आणि लाइट बंद करायचा. तिसऱ्या-चौथ्या रात्री तो तुम्ही झोपल्यावर पुढचं पान स्वतः वाचतो की नाही बघा, आमच्या भाच्याने वाचलं होतं, टॉर्च लावून.

मग प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', लंपनच्या गोष्टी. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, सीमाभागातलं गाव, बोलण्यात कानडी मिसळलेलं, आणि त्याला सगळंच "मॅडसारखं" वाटत असतं. हे मुलांचं पुस्तक आहे की मोठ्यांचं यावर लोक वाद घालतात, मला वाटतं ते दोघांनी मिळून वाचायचंय. आणि घरात माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे'चे कुमार गटाचे भाग आणून ठेवा, चांगल्या मराठी लेखनातले निवडक उतारे आहेत, चित्रांसकट, कुठलंही पान उघडलं तरी चालतं.

प्रश्न : कोणालाही विचारलं की तीच जुनी नावं ऐकवतात. आत्ताचे लोक काही लिहितच नाहीत का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : लिहितायत की, आणि तुझ्याच भागातले लिहितायत! कृष्णात खोतांचं 'रिंगाण' वाचलंस का? २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याला. मी गेल्या महिन्यात वाचून संपवलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये. धरणात गाव गेलेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवलेली, आणि एक माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत त्या जुन्या रानात जातो. म्हैस त्याचीच, पण ती आता माणसांची राहिलेली नाही, रानाची झालीय. बास, एक माणूस आणि एक म्हैस, आणि त्यातून विस्थापन म्हणजे काय ते असं अंगावर येतं की नंतर कुठल्याही धरणाचं पाणी बघताना त्याखालची घरं दिसायला लागतात. भाषा तुमच्याकडची, मला काही शब्दांना अडखळायला झालं, तुला होणार नाही.

याच्या जोडीला विश्वास पाटलांची 'झाडाझडती' जरूर वाच, १९९१ ची, तीही धरणग्रस्तांचीच. तिथे पुनर्वसनाचं ऑफिस, कागद, पुढारी, सगळं गाव असा मोठा पसारा आहे, आणि 'रिंगाण'मध्ये तोच विषय एका माणसाच्या श्वासाएवढा जवळ आणलाय. दोन्ही लागोपाठ वाचलीस तर तीस वर्षांत मराठी कादंबरी कुठून कुठे आली ते कोणी न शिकवता कळेल. त्याआधीची दोन वर्षं अकादमीने किरण गुरव आणि प्रवीण बांदेकर यांना गौरवलं, एक कोल्हापूरकडचे, एक कोकणातले, त्यांचीही पुस्तकं तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत नसतील तर मागणीच्या रजिस्टरमध्ये लिहून ये. विद्यार्थ्यांनी लिहिल्याशिवाय ती घेतली जात नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

प्रश्न : दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी दर मराठी महिन्याला एक लेख असं वर्षभर वाचतो, यंदा सातवं वर्ष. त्याच वाटेवरचं आणखी काही? – निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, तुमची पद्धत वाचून मी चैत्रापासून तेच सुरू करायचं ठरवलंय. १९५६ चं पुस्तक, पण झाडं त्याच वेळी तशीच फुलतात ना अजून. तुम्हाला मारुती चितमपल्ली द्यावेसे वाटतात, 'पक्षी जाय दिगंतरा'पासून. आयुष्य वनखात्यात, कर्नाळा, नवेगाव बांध, मेळघाट असं रानात काढलेलं, २०२५ च्या जूनमध्ये गेले. बगळे-करकोचे जिथे मिळून घरटी करतात त्या जागेला 'सारंगागार' म्हणायचं हे मला त्यांच्याच लिखाणातून कळलं, आणि शब्द मिळाल्यावर आमच्या तळ्याकाठचं ते झाड मला पहिल्यांदा नीट दिसलं.

प्रश्न : आम्ही बंगळुरूतले बारा मराठी वाचनवेडे दर महिन्याला एकाच्या घरी जमतो. प्रत्येक जण चार-पाच पुस्तकं सांगतो, सगळे मोबाइलमध्ये टिपून घेतात, आणि पुढच्या महिन्यात कोणीच काही वाचलेलं नसतं. नुसता चहा-पोहे होतो. काय बदलू? – एक वाचक, बंगळुरू

उत्तर : चहा-पोहे राहू देत, ते लागतातच! यादी मात्र बंद करा.

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर बसते. लोक येतात आणि विचारतात, काही चांगलं आलंय का? आधी मी मला आवडलेलं काढून द्यायचे, आणि ते पुस्तक आठ दिवसांनी जसंच्या तसं परत यायचं. आता मी दोन गोष्टी विचारते, शेवटचं कुठलं आवडलं, आणि शेवटचं कुठलं अर्धवट सोडलं. पहिल्याचं उत्तर लोक विचार करून देतात, चारचौघांत बरं दिसेल असं. दुसऱ्याचं मात्र खरं देतात. एका काकांनी सांगितलं की माणसं फार झाली आणि कोण कोणाचा मेहुणा ते लक्षात राहीना म्हणून सोडलं. त्यांना मी माडगूळकरांचं 'सत्तांतर' दिलं, त्यात माणसंच नाहीत, वानरांच्या टोळ्या आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आत काका दारात उभे.

तर तुमच्याकडे असं करून बघा. दर महिन्याला तिघांनीच बोलायचं, प्रत्येकाने एकच पुस्तक, आणि ते पुस्तक हातात घेऊन यायचं, नुसतं नाव सांगायचं नाही. पुस्तक कसं आहे, लेखक किती थोर आहे हे काही नको, त्यातलं एक पान मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की ज्याला पुढचं ऐकावंसं वाटतंय त्याने तिथल्या तिथे ते घरी न्यायचं. दोघांना हवं असेल तर एकाला आधी, दुसऱ्याला त्याच्याकडून. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने नाव आणि तारीख, म्हणजे पुस्तक कुठे अडकलंय तेही कळतं आणि परत मागताना कोणाला वाईट वाटत नाही. बंगळुरूत मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत ही अडचण मला कळतेय, पण बारा घरांतलं कोणी ना कोणी दोन महिन्यांत पुण्याला जातंच, त्याला आप्पा बळवंत चौकातून दोन पुस्तकं आणायला सांगा, पैसे वाटून घ्या.

आणि ज्याला पुस्तक आवडलं नाही त्याने तसं सांगायचं, कुठल्या पानाला सोडलं तेही सांगायचं. वर्षभराने कुठलं पुस्तक सगळ्यात जास्त घरं फिरलं ते मला नक्की कळवा, मागच्या पानाचा फोटो पाठवलात तर फारच छान.