पारवा, नीळ आणि अरबांचा ‘अन’

एका वाचकबाईंचा प्रश्न आहे. शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलं, त्यात इंडिगोच्या जागी ‘पारवा’ होता. पण पारवा तर राखाडी! साडीच्या दुकानात ‘इंडिगो’ म्हणून जे दाखवतात ते कधी गडद निळं असतं, तर कधी चक्क जांभळं. मग इंडिगोला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

नीळ म्हणायचं. झालं उत्तर. जीन्सच्या कापडाचा जो रंग, तो निळीचा रंग.

आता माझा राग काढू द्या. तानापिहिनिपाजातला ‘पा’ म्हणजे पांढरा, असं सांगणारी शिकलीसवरलेली माणसं मला दर पावसाळ्यात भेटतात. इंद्रधनुष्यात पांढरा! अहो, पांढऱ्याचीच फोड होते म्हणून तर ते सात पट्टे दिसतात. ‘पा’ म्हणजे पारवाच. विहिरीच्या कपारीत घुमतो तो पारवा, संस्कृतातला पारावत. दुसरा राग ‘नीळेचा’ किंवा ‘नीळीचा’ असं लिहिणाऱ्यांवर. नीळ दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व: निळीचा, निळीने, निळीचे मळे.

पण पारवाच का घेतला? माझा तर्क असा. नावं जुळवणाऱ्याने आधी ‘नि’ निळ्यासाठी खर्ची घातला. मग नीळ आली, तिचाही ‘नी’. तानापिहिनिनीजा म्हणून पाहा, मुलं वर्गात हसली असती. म्हणून बिचाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि वळचणीला बसलेला पक्षी उचलला. याला पुरावा माझ्याकडे नाही, पण याहून बरं स्पष्टीकरण अजून कोणी दिलेलं नाही.

आणि ही निवड दिसते तितकी वेडगळ नाही. नीलगाय कोणी निळी पाहिली आहे? विदर्भात जिला रोही म्हणतात तीच. तिचा नर पाटीच्या दगडासारखा असतो, म्हणजे थेट पारव्याच्याच रंगाचा, आणि तरी नावात ‘नील’. मार खाऊन अंग ‘काळंनिळं’ पडतं तेव्हाही आपण आकाशी रंगाबद्दल बोलत नसतो. संस्कृतातल्या ‘नील’मध्ये काळसर, गडद, सावळं असं सगळंच बसायचं. कोशात ‘नील म्हणजे ब्लू’ एवढं लिहून पुढच्या शब्दाकडे वळणाऱ्यांनी या शब्दाची अर्धी इस्टेट परस्पर विकून टाकली आहे. नीळ या द्रव्याचं वागणंही तसंच आहे. तिच्या पिंपातून कापड बाहेर येतं ते पिवळट हिरवं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. एकदा बुडवलं तर फिकट, पुन्हा पुन्हा बुडवत राहिलं तर जवळजवळ काळं. ‘इंडिगो’ ही एकच ठरलेली छटा आहे असं कोणी सांगू लागलं, तर त्याने रंगाऱ्याचं पिंप पाहिलेलं नाही हे ओळखावं.

इंद्रधनुष्यात इंडिगो घुसवला न्यूटनने. त्याच्या सुरुवातीच्या मांडणीत मुख्य रंग पाचच होते. पुढे त्याला सप्तसूर आठवले आणि नारिंगी व इंडिगो आत आले. 1704 सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याने रंगांचे पट्टे स्वरांच्या अंतरांप्रमाणे मोजून दिले आहेत. त्यात दोनच पट्टे अरुंद, अर्ध्या स्वराचे: नारिंगी आणि इंडिगो. ती अंतरं आपल्या सारेगमवर मांडून पाहिली, तर गंधार आणि निषाद कोमल येतात. म्हणजे न्यूटनचं इंद्रधनुष्य चक्क काफी थाटात आहे! हे मी संगीतातल्या एका जाणकारांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. असो. न्यूटनचा ‘ब्लू’ म्हणजे आपला आकाशी असावा आणि त्याचा ‘इंडिगो’ म्हणजे आपला साधा निळा, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. तसं असेल तर पारवा आणि निळा दोघांच्याही खुर्च्या चुकल्या.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ‘इंडिगो’ हे रंगाचं नाव नव्हेच, तो पत्ता आहे. ग्रीक म्हणत ‘इंडिकोन’, म्हणजे हिंदुस्थानचा माल. तेच लॅटिनमध्ये ‘इंडिकुम’, आणि पुढे युरोपभर फिरून ‘इंडिगो’. मुळाशी आपली सिंधूच. पण यात रस्ता सरळ आहे, वळणं नाहीत. वळणं आहेत ती दुसऱ्या शब्दात.

आपली ‘नील’ फारसीत गेली, तिथून अरबीत. अरबांनी तिच्याआधी आपलं ‘अल’ हे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) लावलं. अरबीत ‘अल’पुढे न आला की ल गळून न दुप्पट होतो, म्हणून उच्चार झाला ‘अन्-नील’. स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी उपपदासकट अख्खा घास गिळला: ‘अनील’. (अनिल नावाच्या मंडळींनी हुरळू नये. तुमचा अनिल म्हणजे वारा.) 1580च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसानेही आपल्या प्रवासवर्णनात या ‘अनील’ची नोंद केली आहे: गुजराती हिला ‘गळी’ म्हणतात, इतर लोक ‘नील’. आपल्याकडच्या जुन्या ‘गुळी’ची आठवण झाली ना? गुळी म्हणजे नीळच.

आता खरी गंमत. 1840च्या सुमारास फ्रित्शे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निळीवर दाहक पोटॅशची प्रक्रिया केली. एक तेलकट द्रव हाती आला. ‘अनील’पासून निघाला म्हणून त्याचं नाव ‘अनिलीन’. तोच द्रव डांबरातूनही निघतो हे कळल्यावर जर्मनीत रंगांचे कारखाने उभे राहिले. त्यांतला एक 1865 साली निघाला. आज त्याला बीएएसएफ म्हणतात. यातला ‘ए’ कशाचा? अनिलीनचा! म्हणजे त्या पाटीवर आपली नीळ अरबांचा ‘अन’ घेऊन बसलेली आहे. याच कंपनीने 1897 साली कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि बंगाल-बिहारच्या निळीचा धंदा बसवला. ती बनवायची ज्या आम्लापासून, त्याचं नाव अँथ्रानिलिक. त्याच्याही पोटात ‘अनिल’ आहेच. 1917 साली गांधीजी चंपारणला गेले ते निळीच्या सक्तीविरुद्ध, पण तोवर मळेवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली होती आणि ती सरकवणाऱ्याच्या नावात नीळच होती. शब्दांचा असा सूड मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नाईल नदीचं नाव ‘नील’वरून पडलं, असं अजूनही छातीठोक सांगितलं जातं. तेही थांबवा. ग्रीकांच्या लेखी ‘नेलोस’ हेसिओड या प्राचीन कवीच्या काळापासून आहे आणि त्या नावाचं मूळ अजून निश्चित झालेलं नाही. पुराणांत नाईल असल्याचा गवगवा केला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या फ्रान्सिस विल्फर्डने, 1790च्या दशकात. त्याच्या पंडिताने त्याला हवे तसे श्लोक पोथीत घालून दिले होते. विल्फर्डने पुढे स्वतःच फसवणूक कबूल केली. त्याचे वारसदार मात्र अजून कबूल करत नाहीत.

कपडे धुताना पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवायची किंवा भिंतीच्या चुन्यात घालायची ती नीळ? ती बहुतेक वेळा नीळ नसतेच. ते अल्ट्रामरीन, म्हणजे राजावर्त (लापिस लाझुली) या निळ्या दगडाच्या रंगाची कारखान्यात केलेली नक्कल. झाडाचा तिच्याशी संबंध नाही. पण म्हणून आईला-आजीला दुरुस्त करायला जाऊ नका. निळीची जागा तिने घेतली, नावही घेतलं, भाषेत असं चालतं.

हां, साडी. द्रव्याला नीळ, छटेला निळीचा रंग. इंद्रधनुष्यातला पारवा आहे तसा राहू द्या, पाठ झालेलं मोडू नये. आणि दुकानदाराने ‘इंडिगो’ म्हणून जांभळी साडी पुढे केली, तर तिला जांभळीच म्हणा आणि भाव जांभळीचा करा.