‘प्रिऑनचे विषाणू मरत नाहीत’ हे वाक्य कोठे चुकते?

प्रश्न असा आहे : एका आरोग्यविषयक लेखात ‘प्रिऑनचे विषाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत’ असे वाक्य आले होते, ते बरोबर आहे का, आणि ‘प्रिऑन’ला मराठी प्रतिशब्द कोणता?

प्रिऑन म्हणजे मेंदूचे रोग घडवणारे, चुकीच्या घडीचे प्रथिन. प्रतिशब्दापासून सुरुवात करतो, कारण तो भाग छोटा आहे. हा शब्द अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये ‘प्रथिनमय’ आणि ‘संक्रामक’ या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून घडवला. तो मुळातच कृत्रिम असल्यामुळे त्याचे भाषांतर करण्यापेक्षा तो जसाच्या तसा घ्यावा, असे माझे मत आहे. मराठीत ‘प्रायॉन’ असेही लिहिले जाते. परंतु प्रुसिनर यांना अभिप्रेत असलेला उच्चार ‘प्रिऑन’ला जवळचा आहे. याच इंग्रजी वर्णलेखनाचा आणि ‘प्रायॉन’ असा उच्चारला जाणारा एक समुद्रपक्षीही आहे, पण त्याच्या नावाचे मूळ करवतीसाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे.

खरी अडचण ‘विषाणू’ आणि ‘मरत नाहीत’ यांत आहे. व्युत्पत्ती पाहिली तर ‘विष’ अधिक ‘अणू’ हा शब्द एखाद्या घातक निर्जीव कणालाही शोभला असता. परंतु रूढीने तो न्यूक्लिक आम्ल (डीएनए किंवा आरएनए) बाळगणाऱ्या आणि पेशीत शिरून आपल्या प्रती काढणाऱ्या घटकाला बांधला गेला आहे. प्रिऑनमध्ये न्यूक्लिक आम्ल आढळत नाही. ते आपल्याच शरीरातले एक प्रथिन असते, फक्त त्याची घडी, म्हणजे दुमडून बनलेला आकार, चुकलेली असते, आणि ही चुकलेली घडी शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी घ्यायला लावते. जे कधी जगलेच नाही ते मरणार कसे? म्हणून ‘प्रिऑन उकळल्याने निष्प्रभ होत नाहीत’ असे लिहावे.

हा केवळ शब्दच्छल नाही. शस्त्रक्रियेची उपकरणे ‘निर्जंतुक’ केली असे आपण म्हणतो तेव्हा जंतू नाहीत एवढेच आपण सांगतो. मात्र 121 अंश सेल्सिअसच्या वाफेचे नेहमीचे आवर्तन प्रिऑनसाठी पुरेसे नसते, त्यासाठी अधिक तापमानाची वाफ आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण यांसारखे उपाय योजावे लागतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलेल्या उपकरणांमधून क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोग, म्हणजे माणसाच्या मेंदूचा प्रिऑनजन्य जीवघेणा रोग, दुसऱ्या रुग्णाकडे गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. उपकरण निर्जंतुक असूनही प्रिऑनयुक्त असू शकते, हे वाक्य त्यामुळेच विरोधाभासी वाटले तरी खरे आहे.

काही जण ‘विघटित प्रथिन’ असे लिहितात, तेही टाळावे. विघटन म्हणजे घटक सुटे होणे. येथे नेमके उलटे घडते, कारण हे प्रथिन विघटनाला सहजी दाद देत नाही आणि म्हणूनच मेंदूत साचत जाते. ‘घडी विस्कटलेले’ हा वाक्प्रचार सुंदर आहे, परंतु त्यातून अव्यवस्था सूचित होते, आणि प्रिऑनची घडी तर चांगली घट्ट असते. ‘चुकीच्या घडीचे प्रथिन’ एवढे साधे शब्द पुरेत.

प्रिऑनमुळे गुरांना होणाऱ्या मेंदूच्या रोगाला (इंग्रजीत ‘मॅड काउ’) ‘पिसाळलेल्या गाईचा रोग’ म्हणणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. मराठीत ‘पिसाळणे’ म्हटले की रेबीज आठवतो, आणि रेबीज हा चाव्यातून पसरणारा विषाणूजन्य रोग आहे. ब्रिटनमध्ये 1986 मध्ये ओळखला गेलेला गुरांचा हा रोग चाव्याने नव्हे, तर मृत जनावरांचे मांस व हाडे यांपासून केलेल्या खाद्यामुळे फैलावला. 1996 मध्ये त्याचा माणसांतील क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोगाच्या नव्या प्रकाराशी संबंध जाहीर झाला. पशुपालकांनी आणि स्थानिकांनी दिलेली नावे अधिक प्रामाणिक वाटतात : मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ या प्रिऑनजन्य रोगाला ते नाव अंग घासून लोकर झडवण्याच्या लक्षणावरून मिळाले, तर पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये आढळलेल्या प्रिऑनजन्य रोगाचे नाव ‘कुरू’, म्हणजे त्यांच्या भाषेत थरथर. आपल्या पुराणांतील कुरूंशी त्याचा संबंध नाही.

‘संसर्गजन्य’ हे विशेषणही सरसकट लावू नये. हरणांचा क्षयकारी रोग हाही प्रिऑनजन्यच, आणि तो लाळ, मूत्र आणि दूषित माती यांतून एकमेकांत पसरतो. उलट माणसांतील क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोग स्पर्शाने किंवा सहवासाने होत नाही. त्याची बहुसंख्य प्रकरणे, सुमारे 85 टक्के, कोणत्याही ज्ञात बाह्य कारणाविना उद्भवतात आणि बरीचशी उरलेली आनुवंशिक असतात. आजारी माणसाजवळ बसायला घरचे घाबरू नयेत म्हणून ‘संक्रमणशील’ हा शब्द, तोही संक्रमणाचा मार्ग सांगूनच, वापरावा.

शेवटी ‘उपचार नाहीत’ या वाक्याविषयी. रोग थांबवणारे औषध आज नाही हे खरे आहे. क्विनॅक्रिन आणि डॉक्सिसायक्लिन या औषधांच्या मानवी चाचण्यांत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. परंतु ‘उपचार’ या मराठी शब्दात सेवा आणि शुश्रूषा हेही अर्थ आहेत, आणि स्नायूंचे झटके कमी करणारी क्लोनॅझेपामसारखी औषधे तसेच वेदना व अस्वस्थता कमी करणारी काळजी यांचा त्यात समावेश होतो. मूळ प्रथिनाची निर्मितीच कमी करणाऱ्या औषधांनी उंदरांचे आयुष्य वाढले असून माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत; त्यांबाबत ‘औषध सापडले’ असे न लिहिता ‘चाचणीतील औषध’ असेच लिहावे, आणि घरच्यांना सांगताना ‘उपचार नाहीत’ऐवजी ‘रोग थांबवणारे औषध नाही, त्रास कमी करणारे उपचार आहेत’ असे म्हणावे.